चौकोनी कंसामागचे काम

पिंपरीच्या टाटा मोटर्समधून किंवा चाकणच्या महिंद्रच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीवर १७ चिन्हांचा चासी क्रमांक कोरलेला असतो. पहिली तीन चिन्हे निर्माता सांगतात (टाटांची 'एमएटी', महिंद्रची 'एमए१'), पुढची सहा गाडीचा प्रकार आणि शेवटची आठ ती नेमकी गाडी.

समजा, हा क्रमांक तपासणारी आज्ञावली आपल्याला लिहायची आहे. तिसरे चिन्ह हवे, तर 'गाडी[३]' असे लिहावेसे वाटते. पण सी भाषेच्या साध्या ॲरेत त्याने चौथे चिन्ह मिळते! तिथे कंसातला आकडा म्हणजे सुरुवातीपासूनचे अंतर. पहिले चिन्ह शून्य अंतरावर. शिवाय 'गाडी[४०]' मागितले तरी सी अडवत नाही. स्मृतीत शेजारी जे असेल ते बहुधा उचलून देते.

ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांच्या सी प्लस प्लसमध्ये (हे नाव १९८३ चे) यावर उपाय आहे. 'चासीक्रमांक' नावाचा क्लास आपण रचायचा आणि त्यात चौकोनी कंसाचा अर्थ आपणच सांगायचा. मग कंस दिसला की संगणक आपले फंक्शन चालवतो. ते आकड्यातून एक वजा करते व आतल्या ॲरेतले चिन्ह परत देते. पायथॉनमध्ये याच फंक्शनला 'गेटआयटेम' म्हणतात (नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेखा). आम्ही नावे देवनागरीत देत आहोत. संगणकावर ती रोमन लिपीत टंकावीत.

आता खरी मेख. पायथॉनमध्ये ऋण आकडा चालतो; उणे एक म्हणजे शेवटून पहिले. त्यामुळे कोणी चुकून 'गाडी[०]' लिहिले, तर एक वजा होऊन उणे एक उरते आणि सतरावे चिन्ह निमूटपणे हाती येते. उत्तर चुकीचे, तक्रार काहीच नाही! म्हणून वजाबाकीआधी आकडा १ ते १७ मध्ये आहे का, हे पाहिलेच पाहिजे. नसेल तर 'इंडेक्सएरर' द्यावी.

पण तेवढ्याने भागत नाही. क्लासमध्ये फक्त 'गेटआयटेम' असेल, तर पायथॉनचे 'फॉर' आवर्तन शून्यापासून मागायला लागते आणि इंडेक्सएरर आली की यादी संपली असे समजते. आपली तपासणी शून्यालाच अडवते, त्यामुळे आवर्तन एकही चिन्ह न देता थांबते. त्यासाठी 'इटर' हे फंक्शन वेगळे लिहावे लागते. आमच्या मते, एकपासून मोजण्याची ही किंमत इथे रास्त आहे, कारण क्रमांकाचे नियम सांगणारी माणसे एकपासूनच मोजतात.

चासी क्रमांक बदलायचा नसतो. सी प्लस प्लसमध्ये फंक्शनने चिन्हाचा पत्ता न देता नुसती प्रत दिली, तर 'गाडी[३] = ...' असे लिहिताच कंपायलर नकार देतो. पायथॉनमध्ये 'सेटआयटेम' न लिहिणे पुरते. जावात मात्र कंसाला नवा अर्थ देण्याची सोय नाही, तिथे 'गाडी.चिन्ह(३)' असे साधे फंक्शन लिहावे लागते, आणि तपासणी तीच.