संदेशवहन, पडद्यावरील घटकांमधील

संगणकाच्या पडद्यावरील खिडकी, यादी, बटण, मजकूर लिहावयाची चौकट यांसारखे आज्ञावलीचे घटक आणि पडद्यामागे राहून काम करणारे तिचे इतर भाग एकमेकांना घडलेल्या गोष्टीची वर्दी ज्या पद्धतींनी देतात, त्यांना ही संज्ञा लावतात. कोणत्याही मोठ्या आज्ञावलीस याची गरज असली, तरी मेजावरील संगणकावर चालणाऱ्या चॅट आज्ञावलीत ती विशेष तीव्र असते. हिशेबाच्या किंवा लेखनाच्या आज्ञावलीत बहुतेक घटना वापरणाऱ्याच्या हातून घडतात. चॅटमध्ये मात्र तितक्याच घटना जाळ्याच्या बाजूने, म्हणजे दूरच्या माणसांकडून, वापरणाऱ्याच्या नकळत येत असतात. प्रस्तुत नोंदीत माणसाने माणसास पाठविलेल्या मजकुरास ‘निरोप’ व आज्ञावलीच्या एका घटकाने दुसऱ्यास दिलेल्या वर्दीस ‘संदेश’ असे म्हटले आहे.

एक निरोप येऊन पोहोचला म्हणजे किती ठिकाणी हालचाल व्हावी लागते, हे पाहिल्यास प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येते. संभाषणाच्या खिडकीत नवी ओळ उमटावी लागते. मित्रांच्या यादीतील नाव ठळक करून वर आणावे लागते. न वाचलेल्या निरोपांचा आकडा एकाने वाढवावा लागतो. ध्वनी वाजवावा लागतो. संभाषणाच्या दप्तरात नोंद करावी लागते आणि समोरची व्यक्ती ‘लिहीत आहे’ ही खूण पुसावी लागते. जाळ्याकडून निरोप घेणाऱ्या भागाने या सहाही घटकांना नावानिशी हाक मारून काम सांगावे, हा सरळ मार्ग होय. परंतु त्यामुळे त्या भागाला पडद्यावर काय काय आहे, हे सर्व ठाऊक असावे लागते. सातवा घटक वाढविला की त्यात बदल करणे आले. एखादी खिडकी वापरणाऱ्याने बंद केली की नसलेल्या घटकास हाक मारली जाऊन आज्ञावली कोसळण्याचा धोका आला.

आरंभीच्या काळी हा प्रश्न जाणवण्याजोगा नव्हता. १९७३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणक प्रणालीवर डग ब्राउन व डेव्हिड वुली यांनी तयार केलेल्या ‘टॉकोमॅटिक’ या आज्ञावलीत पडद्याचे आडवे भाग पाडलेले असत आणि सहभागी व्यक्तीने उमटविलेले प्रत्येक अक्षर तिच्या वाट्याच्या भागात तत्क्षणी दिसे. यादी नाही, आकडा नाही, दप्तर नाही. त्यामुळे वर्दी देण्याचा प्रश्नही फारसा नाही. १९९६ मध्ये इझ्राएलमधील मिराबिलिस या कंपनीने आणलेल्या ‘आयसीक्यू’ या आज्ञावलीपासून (ही सेवा २०२४ मध्ये बंद झाली) मित्रांची यादी, त्यांची उपस्थिती व स्वतंत्र खिडक्या हे चॅटचे नेहमीचे रूप ठरले आणि घटकांची संख्या वाढली.

त्यावरील उपाय मात्र आधीच तयार होता. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पॅलो आल्टो संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्मॉलटॉक’ ही भाषा घडविली. या भाषेत प्रत्येक गोष्ट ही स्वतःची माहिती स्वतःजवळ राखणारी ‘वस्तू’ असून वस्तू एकमेकींशी केवळ संदेशांनी व्यवहार करतात. एकीने दुसरीच्या पोटात हात घालावयाचा नाही, असा हा नियम होय. याच केंद्रात १९७८-७९ मध्ये नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्स्काऊग यांनी माहिती बाळगणारा भाग, ती दाखविणारा भाग व वापरणाऱ्याच्या कृती घेणारा भाग अशी विभागणी सुचविली. पुढे ‘स्मॉलटॉक-८०’ मध्ये माहितीच्या वस्तूजवळ तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांची एक यादी ठेवण्याची सोय झाली. माहिती बदलली, की ती वस्तू केवळ ‘मी बदलले’ एवढेच जाहीर करते. यादीतील प्रत्येकजण त्याला योग्य वाटेल ते करतो. एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन व जॉन व्लिसिडीझ यांच्या १९९४ मधील ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथाने ही रचना ‘निरीक्षक’ या नावाने सर्वत्र रूढ केली. नॉर्वेतच तयार होऊन १९९५ मध्ये प्रसृत झालेल्या ‘क्यूट’ या साधनसंचात हीच कल्पना ‘संकेत’ व तो झेलणारे ‘स्लॉट’ यांच्या जोड्यांनी मांडली असून ‘टेलिग्राम’ची मेजावरील आज्ञावली या संचावर आधारलेली आहे.

या रचनेचे मर्म असे की, संदेश ही आज्ञा नसून बातमी असते. ‘आकडा वाढव’ ही आज्ञा झाली. ती देणाऱ्यास आकडा कोठे आहे हे माहीत असावे लागते. ‘अमुक संभाषणात अमुक निरोप आला’ ही बातमी झाली. ती देणाऱ्यास ऐकणारे किती व कोण याची फिकीर नसते. कोणीच ऐकत नसले, तरी त्याचे काही बिघडत नाही.

बातमी कशी द्यावी याइतकेच ती केव्हा पोहोचावी यालाही महत्त्व आहे. १९८५ मध्ये निघालेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज’ प्रणालीत संदेश देण्याचे दोन मार्ग आहेत. ‘सेंडमेसेज’ या मार्गाने दिलेला संदेश घेणाऱ्याने हाताळून संपवीपर्यंत देणारा थांबून राहतो. ‘पोस्टमेसेज’ने दिलेला संदेश घेणाऱ्याच्या रांगेत पडतो व देणारा लगेच आपल्या कामास लागतो. पहिला प्रकार समक्ष भेटून सांगण्याचा, तर दुसरा टपालपेटीत पत्र टाकण्याचा. पहिल्यात उत्तर हाती येते, पण खोळंबा संभवतो. विंडोजच्या जुन्या १६ बिटी आवृत्त्यांत सर्व आज्ञावल्यांची कळफलक व माऊसविषयीची रांग एकच होती. एका आज्ञावलीने आपला संदेश हाताळण्यास वेळ लावला, की सारा पडदा थिजत असे. ‘विंडोज एनटी’ (१९९३) व ‘विंडोज ९५’ यांत ३२ बिटी आज्ञावल्यांना स्वतंत्र रांगा मिळाल्यावर हा दोष ज्याचा त्याच्यापुरता उरला. आजही बहुतेक साधनसंचांत पडद्यावर रेखाटन करण्याचा अधिकार आज्ञावलीतील एकाच कार्यधाग्यास असतो. हा धागा जाळ्याकडून उत्तर येण्याची वाट पाहत बसला, तर बटणे दबत नाहीत व अक्षरे उमटत नाहीत. म्हणून वाट पाहण्याचे काम अन्यत्र सोपवून, ते संपल्याची वर्दी रांगेतून पडद्याच्या धाग्याकडे आणतात.

या सर्व गोष्टी एकत्र पाहावयास ‘पिजिन’ ही मुक्त आज्ञावली उत्तम आहे. पूर्वी ‘गेम’ या नावाने असलेल्या या आज्ञावलीचे नाव २००७ मध्ये बदलले. तिचा गाभा ‘लिबपर्पल’ नावाने वेगळा काढलेला असून त्यास पडद्याविषयी काहीच ठाऊक नसते. त्यामुळे हाच गाभा पिजिनच्या खिडक्यांना, केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणाऱ्या ‘फिंच’ला आणि मॅकिंटॉश संगणकावरील ‘ॲडियम’ला उपयोगी पडला. निरोपाच्या आगमनासाठी गाभा एक नव्हे, दोन संकेत देतो. पहिला ‘निरोप येत आहे’ या अर्थाचा असतो. तो ऐकणाऱ्यास मजकूर बदलता येतो किंवा निरोप गिळूनही टाकता येतो. सांकेतिक लिपीतील मजकूर उलगडणारी किंवा नको असलेले निरोप अडविणारी जोडआज्ञावली येथे आपले काम करते. दुसरा संकेत ‘निरोप आला’ असा. तो मिळेपर्यंत निर्णय झालेला असतो व ऐकणाऱ्याने फक्त त्याची दखल घ्यावयाची असते. हा भेद वरवर किरकोळ वाटेल. परंतु दोन्ही एकाच संकेतात असते, तर अडविलेल्या निरोपाचाही ध्वनी वाजला असता. जोडआज्ञावली काढून टाकताना तिने केलेल्या सर्व नोंदण्या एकाच खुणेच्या आधारे रद्द करण्याची सोयही लिबपर्पलमध्ये आहे. ही सोय अन्यत्र अनेकदा विसरली जाते. मग बंद केलेली खिडकी, तिचे नाव यादीत राहिल्यामुळे, संगणकाच्या स्मृतीत जिवंत राहते व प्रत्येक बातमीस अदृश्यपणे प्रतिसाद देत राहते. एका निरोपाला दोनदा ध्वनी वाजण्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

याहून गंभीर दोष संदेशाच्या पत्त्याचा होय. समजा, वापरणाऱ्याने एका मित्रासाठी छायाचित्र निवडले. ते चढविण्यास काही सेकंद लागणार आहेत. तेवढ्यात त्याने दुसऱ्या मित्राचे संभाषण उघडले. ‘छायाचित्र चढले’ ही वर्दी हाताळणारा घटक ते ‘सध्या उघड्या असलेल्या’ संभाषणात टाकत असेल, तर ते भलत्याच व्यक्तीकडे जाईल. येथे कोणताही घटक नादुरुस्त नसतो व आज्ञावली कोसळतही नाही. फक्त एकाचे खाजगी दुसऱ्याच्या हाती पडते. म्हणून संदेशात संभाषणाची ओळखखूण आरंभापासूनच असावी व ती वाटेत पुन्हा ठरवू नये, हा नियम चॅटच्या बाबतीत सोयीचा नसून सक्तीचा मानावा लागतो.

मजकूर लिहिण्याची चौकटही निष्काळजीपणास जागा देते. एंटर कळ दाबताच ‘निरोप पाठवावयाचा आहे’ असा संदेश निघतो. परंतु जपानी वा चिनी लिहिताना, तसेच रोमन कळांनी मराठी लिहिण्याच्या काही पद्धतींत, हीच कळ सुचविलेल्या पर्यायांतून शब्द निवडण्यासाठी वापरतात. शब्दजुळणी चालू आहे ही बातमी चौकटीने ऐकली नाही, तर अर्धाच निरोप रवाना होतो.

निरीक्षक रचनेसही मर्यादा आहे. बातमी ऐकणारा घटक स्वतः नवी बातमी देऊ लागला, ती ऐकून तिसरा आणखी काही बदलू लागला, की कोणत्या क्रमाने काय घडले हे सांगता येत नाही. फेसबुकच्या संकेतस्थळावरील चॅटमध्ये नवा निरोप नसतानाही न वाचलेल्या निरोपांचा आकडा दिसत असे आणि दुरुस्त केलेला हा दोष पुनःपुन्हा उद्‌भवे. कंपनीच्या अभियंत्यांनी २०१४ मध्ये हे उदाहरण जाहीरपणे मांडून ‘फ्लक्स’ ही रचना पुढे केली. तीनुसार प्रत्येक घटना एका मध्यवर्ती वितरकाकडे जाते, माहिती भांडारातच बदलते व पडदा केवळ भांडार वाचतो. एक घटना पूर्ण पचल्याखेरीज दुसरी घेतली जात नाही. आकडा स्वतंत्रपणे वाढविण्याऐवजी तो निरोपांच्या नोंदींवरून काढल्यास चुकण्यास वावच उरत नाही. ‘सिग्नल’च्या मेजावरील आज्ञावलीत वापरलेली ‘रिडक्स’ ही पद्धती याच वळणाची आहे.

सिग्नल, स्लॅक, डिस्कॉर्ड इ. आज्ञावल्या ‘इलेक्ट्रॉन’ या चौकटीवर बांधलेल्या आहेत. २०१३ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेल्या या चौकटीस २०१५ मध्ये हे नाव मिळाले. तीत खिडकी व मुख्य भाग या दोन वेगळ्या प्रक्रिया असून त्यांची स्मृती समाईक नसते. संदेशातून वस्तू जात नाही, तिची प्रत जाते. मुख्य प्रक्रियेतील वस्तू जणू खिडकीतच आहे असे भासविणारी ‘रिमोट’ ही सोय पूर्वी होती. ती मोहक होती, परंतु साध्या दिसणाऱ्या प्रत्येक वाक्यामागे वाट पाहावयास लावणारा संदेश दडलेला असे, आणि खिडकीस नको तितके अधिकारही मिळत. २०२१ मध्ये १४व्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. अधिकारांचा प्रश्न काल्पनिक नाही. मे २०१८ मध्ये सिग्नलच्या मेजावरील आज्ञावलीत, आलेल्या निरोपातील मजकूर पडद्याच्या रचनेचा भाग म्हणून उभा राहू शकतो, असा दोष आढळला. दुरुस्त आवृत्ती त्याच महिन्यात प्रसृत झाली. परक्याने लिहिलेला मजकूर खिडकीत शिरून तिच्या नावाने मुख्य भागास संदेश देऊ लागल्यास त्याला फाइलींपर्यंतही पोहोचता येईल. यामुळे खिडकीकडून कोणते संदेश घ्यावयाचे त्यांची मोजकी यादी ठरवून, प्रत्येक संदेशाचा मजकूर व उगम मुख्य भागाने तपासावा, अशी पद्धत आता रूढ आहे.