कार्बनच्या धाग्याला विजेची वाट

सुरतेला धाग्यावर धातू चढविण्याची कला नवी नाही. चांदीची तार केसाहून बारीक ओढायची, ती चपटी करायची, रेशमी वा सुती धाग्यावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा, या रीतीने तयार झालेली सुरतेची जर पैठणीच्या पदरापर्यंत पोहोचली. आता त्याच शहरालगतच्या हजिरा येथे वेगळ्या धाग्याची चर्चा आहे. वर्षाला २० हजार टन क्षमतेचा कार्बन फायबर प्रकल्प तेथे उभारण्याची घोषणा रिलायन्सने ऑगस्ट २०२२ मध्ये केली. अॅक्रिलोनायट्राइल या रसायनापासून तयार होणारा हा धागा पोलादाच्या तुलनेत अतिशय हलका व तरीही बळकट असतो. मात्र त्याच्यापासून बनविलेल्या वस्तूंमधून वीज नीट वाहत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे.

अॅक्रिलोनायट्राइलपासून प्रथम बहुवारिकाचा धागा ओढला जातो. तो सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सियसला हवेत तापविला जातो आणि नंतर नायट्रोजनमध्ये हजार अंशांपलीकडे भाजला जातो. शेवटी उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन. जाडी अवघी ५ ते ७ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या दशांशाएवढी. हा धागा स्वतः विजेचा वाहक आहे, परंतु त्याची वाहकता अॅल्युमिनियमच्या काही शे पटींनी कमी असते. शिवाय वस्तू घडविताना असे असंख्य धागे इपॉक्सी राळेत बसवून थरावर थर रचले जातात, आणि राळ ही वीजरोधक. त्यामुळे धाग्याच्या दिशेने वीज कशीबशी वाहते, पण एका थरातून दुसऱ्या थरात उतरताना तिची वाट अडते. जाडीच्या दिशेने मिळणारी वाहकता धाग्याच्या दिशेच्या तुलनेत हजारो पटींनी कमी भरते.

याचे गांभीर्य आकाशात कळते. प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा वीज पडते, आणि सुरक्षिततेच्या चाचण्यांत दोन लाख अँपियरपर्यंतचा प्रवाह गृहीत धरला जातो. अॅल्युमिनियमच्या विमानात हा प्रवाह एका टोकाने शिरून बाह्य कवचावरूनच दुसऱ्या टोकाने निघून जातो. बोइंग ७८७ सारख्या विमानात मात्र वजनाने जवळपास निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा असतो. आपल्या तेजसमध्येही हे प्रमाण सुमारे ४५ टक्के आहे. वाट न मिळालेला प्रवाह तेथे उष्णतेत रूपांतरित होतो, राळ जळते, थर सुटतात आणि इंधनटाकीजवळ ठिणगी उडण्याचे भय राहते.

आजचा रूढ उपाय म्हणजे बाह्य पृष्ठभागावर तांब्याची पातळ जाळी बसविणे. अॅल्युमिनियम हलके असूनही ते थेट कार्बनला टेकवता येत नाही. ओलावा लाभताच दोहोंत विद्युतघट तयार होऊन अॅल्युमिनियम झिजते. खाऱ्या हवेच्या किनारपट्टीवर तर हे विशेष लक्षात ठेवावे लागते. तांब्याची जाळी ही अडचण टाळते, पण वजन वाढविते आणि दुरुस्तीही किचकट करते.

दुसरा मार्ग जरीच्या वळणाचा: प्रत्येक धाग्यावर निकेलसारख्या धातूचा मुलामा चढविणे. वाहकता झपाट्याने वाढते. परंतु निकेल कार्बन धाग्याच्या जवळपास पाचपट घन आहे. ७ मायक्रॉनच्या धाग्यावर पाव मायक्रॉन मुलामा दिला, तरी त्याचे वजन सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढते. ज्या हलकेपणासाठी कार्बन निवडला, तोच हातचा जातो. म्हणून असा धागा सर्वत्र न वापरता केवळ बाहेरच्या थरात वापरणे शहाणपणाचे ठरते.

तिसरा मार्ग राळेलाच वाहक बनविण्याचा. १९९१ मध्ये जपानचे सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधामुळे जगाचे लक्ष वेधून घेतलेल्या कार्बन नॅनोनलिका किंवा ग्राफीनचे कण राळेत मिसळले जातात. ओहोळात टाकलेले दगड पुरेसे जवळ आले की पलीकडे जाता येते, एक कमी पडला तर नाही. तसेच या कणांचे. ठरावीक प्रमाण गाठताच त्यांची साखळी जुळते आणि वाहकता एकदम उसळी घेते. नलिका लांब व बारीक असल्याने वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी मिश्रण पुरते. अडचण मिसळण्याची आहे: नलिका एकमेकींना चिकटून गोळे होतात, राळ घट्ट होते आणि धाग्यांच्या फटींत मुरत नाही. मग आत पोकळ्या राहून वस्तूच कमकुवत होते. यावर तोड म्हणून संपूर्ण राळेऐवजी दोन थरांमध्येच वाहक कणांचा पातळ पापुद्रा घालण्याची पद्धत पुढे आली. अडथळा जेथे आहे, नेमका तेथेच पूल बांधला जातो.

तरीही कोणताही एक उपाय पुरेसा नाही. दोन लाख अँपियरचा आघात आज मुख्यत्वे तांब्याची जाळीच झेलते. वाहक राळ व मधले पापुद्रे थरांमधील उष्णता आणि ठिणगी कमी करतात. वाहकता, बळ, वजन आणि किंमत या चौघांचा मेळ घालणे हेच या क्षेत्रातील खरे अभियांत्रिकी कौशल्य होय.

गोव्यालाही हा विषय परका नाही. पिळर्ण येथील किनेकोसारखे उद्योग संमिश्र पदार्थांचे भाग घडवितात. उद्या धागा देशातच मिळू लागला, तरी आकाशात जाणाऱ्या प्रत्येक भागाला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागेल: वीज पडलीच, तर तिने बाहेर पडायचे कोठून?