गतिक लायब्ररींचा शोध आणि परिवेश-चलांची नोंद

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. सी-डॅकने राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली उभारलेल्या अशा यंत्रांवर एकाच गणिती लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदत असतात. नंदुरबार वा शहादे येथील एखाद्या संशोधकाने दुरून अशा यंत्रावर काम करावयाचे म्हटले, तर त्यास व्यवस्थापकाचे अधिकार नसतात. आपल्या प्रोग्रामला कोणती आवृत्ती मिळावी हे ठरविण्याचे त्याच्या हातचे मुख्य साधन म्हणजे परिवेश-चले, अर्थात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, होत. त्यांची नोंद नीट ठेवली नाही, तर आज मिळालेले उत्तर वर्षभराने पुन्हा मिळेलच अशी शाश्वती उरत नाही.

लिनक्सवरील गतिक प्रोग्राममध्ये लागणाऱ्या लायब्ररींची केवळ नावे असतात. त्या शोधून जोडण्याचे काम आरंभी लोडर करतो. त्याचा शोधक्रम ठरलेला आहे. प्रोग्राममध्येच ‘आरपाथ’ कोरलेला असून ‘रनपाथ’ नसेल, तर प्रथम तो; मग ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलातील डिरेक्टऱ्या; त्यानंतर ‘रनपाथ’; आणि शेवटी यंत्राचा साठविलेला कोश व नेहमीच्या डिरेक्टऱ्या. तेव्हा ‘आरपाथ’ चलावर मात करतो, तर ‘रनपाथ’वर चल मात करते. चल अचूक मांडूनही जुनीच लायब्ररी का लागते, याचे उत्तर पुष्कळदा या सूक्ष्म भेदात सापडते.

चलाच्या मांडणीतही एक खोच आहे. डिरेक्टऱ्या अपूर्णविरामाने विलग करावयाच्या असतात आणि त्यांतील रिकामी जागा म्हणजे चालू डिरेक्टरी, असा लोडर अर्थ घेतो. नवा मार्ग, अपूर्णविराम व पुढे चलाचे जुने मूल्य, अशी ओळ सर्रास लिहिली जाते. जुने मूल्य मुळात नसेल तर अपूर्णविरामापुढे रिकामी जागा उरते आणि ज्या डिरेक्टरीत संशोधक उभा असेल तीही शोधात येते. तेथे त्याच नावाची एखादी अर्धवट बांधलेली लायब्ररी पडली असल्यास ती लागू शकते, आणि कोणतीही तक्रार न होता आकडे बदलतात. ही ओळ एका नोंदवहीतून दुसरीत उतरविली जात असल्याने तिचा उपद्रव फार.

‘एलडी_प्रीलोड’ याहून प्रबळ आहे. त्यात दिलेली लायब्ररी इतरांच्या आधी भरली जाते व त्यांच्या समान नावांच्या फलनांना बाजूस सारते. स्मृतिवाटपाची पद्धत तपासण्यास हे उपयुक्त. परंतु दैनंदिन आरंभ-फाइलीत ते ठेवून विसरणे घातक. विशेषाधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी लोडर ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ दुर्लक्षितो, कारण तसे न केल्यास कोणासही परकी लायब्ररी घुसविता येईल. लोडरने चले वाचणे हेच किती नाजूक काम आहे, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसून आले: ‘जीलिबसी_ट्यूनेबल्स’ या चलाच्या वाचनातील दोषामुळे सामान्य वापरकर्त्यास सर्वाधिकार मिळविता येत होते. क्वालिस या संस्थेने तो दोष उघडकीस आणला.

मॅन-पृष्ठ प्रत्येक चलाचा अर्थ सांगते. प्रयोगशाळेच्या नोंदीस तेवढे पुरत नाही. चलाचे मूल्य, ते कोणत्या फाइलीत मांडले आणि त्यामुळे प्रत्यक्षात कोणती लायब्ररी लागली, ही तिन्ही हवीत. तिसऱ्याची साक्ष ‘एलडी_डीबग’ला ‘लिब्स’ हे मूल्य देऊन मिळते; प्रोग्राम चालू असताना मागाहून भरलेल्या लायब्ररीही त्यात येतात, ज्या ‘एलडीडी’च्या यादीत येत नाहीत. चल मात्र प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच मांडावे लागते. प्रोग्रामच्या आतून ते बदलल्यास लोडर त्याची दखल घेत नाही. अनेक नोडांवर चालणाऱ्या कामात ही साक्ष प्रत्येक नोडावरून घ्यावी, कारण पहिल्या नोडावर मांडलेले चल इतरांपर्यंत आपोआप पोहोचतेच असे नाही.