वसंतातील पुढचे सात दिवस

फाल्गुन लागला की आमच्या चिकित्सालयात दोन कागद शेजारी शेजारी येतात. एक नित्याचे पंचांग, दुसरा हवामान खात्याने पुणे शहरासाठी दिलेला सात दिवसांचा अंदाज. रुग्ण थट्टेने विचारतात, ‘वैद्यराज, शेती केव्हापासून सुरू केलीत?’ आम्ही हसून वेळ मारून नेतो. पण वसंतात वमनाची तिथी ठरवताना आम्ही आता पहिल्या कागदाइतकाच दुसराही पाहतो. त्रैमासिकात येत्या आठवड्याचे भाकीत छापणे म्हणजे शिळी पेज वाढण्यासारखे होईल. म्हणून ते भाकीत वैद्याने कसे वाचावे, एवढाच विषय येथे घेत आहोत.

सात दिवसांचे हे माप आपल्याला परके नाही. सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला सप्ताह मिळून ऋतुसंधी होतो, असे वाग्भटाचार्य सांगतात. त्या काळात पहिला विधी हळूहळू सोडावा व पुढचा हळूहळू धरावा, हे आपण रुग्णांना नित्य सांगतो. प्रश्न असा की तो संधी नेमका केव्हा आला, हे कोण सांगणार?

महिन्यांवर विसंबावे, तर ग्रंथांतच एकवाक्यता नाही. अष्टांगहृदयातील ऋतुचर्येत चैत्र-वैशाख हा वसंत आहे. सुश्रुतांनी दोषांच्या संचय-प्रकोपाचा विचार करताना फाल्गुन-चैत्र सांगितला. शार्ङ्गधरांनी तर चांद्रमास बाजूला ठेवून कुंभ व मीन या सौर राशी घेतल्या. शोधनासाठी वाग्भटांनी चैत्र दिला खरा, पण चैत्रही एका जागी राहत नाही. २०२४ साली गुढीपाडवा ९ एप्रिलला आला आणि २०२६ साली १९ मार्चला. तीन आठवड्यांचे हे अंतर पुण्यात लहान नाही. मार्चच्या मध्यावर पहाटेचा गारवा अंगाला जाणवतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रीही पंखा लागतो. त्यात २०२२ सालच्या मार्चमध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सर्व मार्च महिन्यांहून अधिक नोंदले गेले. अशा वर्षी वसंताने ग्रीष्माचे अंगरखे घातलेले असतात, आणि केवळ मास पाहून स्नेहपान आरंभणारा वैद्य फसतो.

आम्हीही फसलो आहोत. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, ते दिवस अनेकांच्या स्मरणात असतील. तमकश्वासाच्या एका तरुण रुग्णाला आम्ही त्याच सुमारास वमनासाठी घृतपान सुरू केले होते. अग्नी बरा, बल बरे, मास अनुकूल. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आले. चौथ्या दिवशी मात्रा वाढवताना आम्ही आभाळाकडे पाहिले, पण थांबलो नाही; ठरलेला क्रम मोडू नये असे वाटले. सायंकाळपर्यंत तूप जिरले नाही. हृल्लास, अंगगौरव, आणि रात्री श्वासाचा वेग. सुंठीचे कोमट पाणी, लंघन आणि रात्रभर जागरण, असे करत तो निभावला. वमन मात्र त्या वर्षी राहूनच गेले. साधारण ऋतूत आणि निर्मळ सूर्य असलेल्या दिवशी स्नेह द्यावा, हे वाग्भटवचन आम्हाला विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत होते. ते आचरणात आणायला आम्हाला एक रुग्ण खर्ची घालावा लागला असता.

आता वमन ठरवताना आम्ही मागून मोजतो. स्नेहपान तीन ते सात दिवस, मध्ये अभ्यंग-स्वेद व कफोत्क्लेशक आहाराचा एक दिवस, त्यानंतर वमन. म्हणजे आज पहिला घोट दिला तर सुमारे आठवडाभरानंतरचे आकाश कसे असेल, हा प्रश्न आजच विचारायला हवा. अंदाजात आम्ही सर्वांत आधी ढगांचा रकाना पाहतो, तापमान त्यानंतर. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प मध्य भारतावर उत्तरेकडील कोरड्या वाऱ्यांना भेटते, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात मेघगर्जना होते आणि तिची झळ कधी पुण्यापर्यंत येते. खात्याने पिवळा वा नारिंगी इशारा दिला, की आम्ही स्नेहपान पुढे ढकलतो आणि दीपन-पाचनच लांबवतो. त्यात काही बिघडत नाही.

तापमानात कमाल आकड्याहून कमाल-किमानातील फरक आम्हाला अधिक बोलका वाटतो. पुण्यात मार्चमध्ये हा फरक वीस अंशांच्या आसपास जातो. पहाटे शिशिर, दुपारी ग्रीष्म! शिशिरात साचलेला कफ सूर्यतापाने पातळ होतो, हे सूत्र अशा आठवड्यात प्रतिश्याय व कासाच्या रांगेत डोळ्यांनी दिसते. किमान तापमान वर सरकून फरक कमी होऊ लागला, की वमनाचा काळ सरत आला असे आम्ही धरतो. मैदानी भागात पारा ४० अंशांवर जाऊन सरासरीहून साडेचार अंश अधिक झाला, तर खाते उष्णतेची लाट म्हणते. कोकणपट्टीत ३७ अंशांची मर्यादा आहे. अशा दिवसांत आत्ययिक कारणाखेरीज शोधन करू नये असे आमचे मत आहे. करणे भागच पडले, तर ऋतूच्या विपरीत गुण कृत्रिम उपायांनी निर्माण करावेत, ही चरकांची विमानस्थानातील सूचना आहेच. कोकणातील वैद्यमित्रांनी आकड्यांइतकेच वाऱ्याकडे पाहावे. पूर्वेचा वारा राहून समुद्रवारा उशिरा सुरू झाला, की तेथील दुपार एकाएकी तापते.

औषधनिर्मात्यांनाही हा कागद तितकाच उपयोगी आहे, हे आम्हाला गेळफळाने शिकवले. चरकांनी मदनफल वसंत व ग्रीष्म यांच्या दरम्यान घ्यायला सांगितले आहे. फळे कुशात बांधून, गोमयाने लिंपून, जवाच्या भुशात किंवा तशाच धान्याच्या काडात आठ रात्री ठेवायची. मऊ होऊन मधासारखा गंध सुटला की काढून वाळवायची. भुशात घालताना आठ दिवसांनंतरच्या उन्हाचा विचार न केल्यास काय होते, ते ज्यांनी बुरशी आलेली फळे टाकली त्यांना विचारावे. आमच्या परिचयाचे एक औषधालयचालक गेल्या काही वर्षांपासून फळे भुशात घालण्यापूर्वी आम्हाला दूरध्वनी करतात. मागे एकदा आम्ही चार दिवस थांबायला सांगितले, तेव्हा ते कुरकुरले. कामाची माणसे आधीच बोलावलेली होती. पुढच्या आठवड्यात नेमक्या वाळवणीच्या दुपारी वळीव कोसळला. फळे अजून भुशातच होती.