पाहुणा लॅपटॉप

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमानं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर फिरतीवर निघणाऱ्याच्या बॅगेत मोडेम कार्ड आणि फोनची लांब वायर असायचीच. लॉजवर पोचल्यावर आधी फोनचा सॉकेट शोधायचा. तो बहुधा पलंगामागे. बाहेरची लाइन शून्य किंवा नऊ दाबल्यावर मिळे, म्हणून नंबरच्या आधी तो आकडा आणि एक स्वल्पविराम टाकायचा. मोडेमसाठी स्वल्पविराम म्हणजे दोनेक सेकंद थांबण्याची सूचना. लॉजच्या एक्स्चेंजचा टोन मोडेमला ओळखता आला नाही, तर टोनची वाट न बघता डायल करायचं. काही ठिकाणी पल्स डायलिंगशिवाय गत्यंतर नसे.

दुसऱ्याच्या ऑफिसात लॅन केबल लगेच मिळे, पण आयपी अॅड्रेस, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस आणि प्रॉक्सी हे सारं तिथल्या सिस्टिम अॅडमिनकडून लिहून घ्यावं लागे. विंडोज ९८ त्यावर मशीन रीस्टार्ट करायला लावी. आपल्या ऑफिसात परतल्यावर जुने आकडे पुन्हा भरायचे. आलेल्या मशीनला नेटवर्कनंच पत्ता द्यावा, ही डीएचसीपीची पद्धत खरं तर १९९३ सालीच ठरली होती. २००१ मध्ये विंडोज एक्सपीनं आणखी एक सोय केली: डीएचसीपी मिळालं तर ते वापरायचं, नाही तर आधी भरून ठेवलेले आकडे. फिरत्या माणसाचा इतका नेमका विचार सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच झाला असेल.

मार्च २००३ मध्ये इंटेलचं सेंट्रिनो आलं आणि वायफाय लॅपटॉपच्या पोटातच बसलं. पुढची काही वर्षं पासवर्ड नसलेली वायफाय सहज सापडत. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या भलत्याच कुणाच्या तरी वायफायवरून गेल्याचं उघड झालं. २००९ मध्ये दूरसंचार विभागानं सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं केलं. मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं पान तिथून रुळलं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गुगलनं वायफाय सुरू केलं. २०१८ पर्यंत ते ४०० स्टेशनांवर पोचलं. तिथेही ओटीपी होताच. परदेशातून सुट्टीला आलेल्या आणि इथलं सिम नसलेल्या मराठी माणसाला या ओटीपीपाशीच अडकायला होतं.

ओळख मागणं मला गैर वाटत नाही. कारण गंभीर होतं. पण प्रत्येक कॅफेनं, प्रत्येक हॉटेलानं आपला नंबर स्वतंत्रपणे गोळा करावा, याला माझा ठाम विरोध आहे. हा प्रश्न विद्यापीठांनी फार आधी सोडवला. २००२च्या सुमारास नेदरलँड्समध्ये कल्पना निघालेल्या एज्युरोम या विद्यापीठांच्या सामायिक वायफाय व्यवस्थेत पाहुण्याची खातरजमा त्याची स्वतःची संस्था करते, आणि योग्य सेटिंग केलेलं असेल तर यजमानाला पासवर्ड कळतसुद्धा नाही. भारतात हे काम अर्नेट ही संस्था पाहते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेतही एका अॅपमध्ये नोंदणी करून दुकानादुकानांतलं वायफाय वापरण्याची कल्पना आहे. फोनचा हॉटस्पॉट हाताशी असल्यानं या गोष्टींकडे हल्ली कुणी फारसं बघत नाही. पण घाटातल्या गावात किंवा हॉस्पिटलच्या तळघरात रेंज जाते, तेव्हा तिथल्या वायफायवरच भिस्त असते. एज्युरोमसारखी खातरजमा तिथेही मिळायला हवी, आणि तीही प्राध्यापक नसलेल्या माणसाला.