केल्मस्कॉटचे दगडी छप्पर

थेम्स नदी लंडनला पोहोचण्याआधी, अगदी अरुंद असताना, ऑक्सफर्डशायरमधल्या केल्मस्कॉट गावाजवळून जाते. तिथे सुमारे १६०० साली टर्नर नावाच्या सधन शेतकऱ्याने बांधलेले घर आजही उभे आहे. ‘मॅनर’ हे भारदस्त नाव त्याला पुढे चिकटले. मुळात ते शेतकऱ्याचेच घर. जाड भिंती स्थानिक चुनखडीच्या, खिडक्यांचे उभे दांडेही दगडाचेच. पण खरी करामत आहे ती वर.

या छपरावर कौलांच्या जागी दगडी पाट्या आहेत. वळचणीला सर्वांत मोठ्या आणि आढ्याकडे जावे तसतशा लहान. खाली साऱ्या पाख्याचे पाणी येते, म्हणून तिथे सांधे कमी हवेत. जड दगड भिंतीलगत राहतात आणि लहान तुकडेही कामी येतात. गवंड्याने शोभेचा विचार केला असेल-नसेल, शोभा आपोआप आली. १८७१ साली कवी-चित्रकार रोझेटीच्या सोबतीने हे घर भाड्याने घेणाऱ्या लेखक-नक्षीकार विल्यम मॉरिसला त्या रांगा पाहून माशाचे खवले आठवत.

अशा पाट्या बनत कशा? त्याच परगण्यातल्या स्टोन्सफील्डच्या खाणींत हे काम चक्क थंडीकडे सोपवलेले असे. काढलेला दगड मातीने झाकून ओला ठेवायचा, कारण वाळला तर तो पुन्हा फुटत नसे. हिम पडू लागले की ढीग उघडे करायचे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते; थरांत मुरलेले पाणी फुगले की दगडाचे पदर सुटत. मग कारागीर कडा ठोकून नीट करी, भोक पाडी आणि लाकडी खुंटीने पाटी रिपेवर अडकवी. याच खाणींत मोठ्या सरड्यासारख्या प्राण्याची हाडे सापडली होती. १८२४ साली भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलँडने त्याला ‘मेगॅलोसॉरस’ म्हटले. शास्त्रीय नाव मिळालेला तो पहिला डायनोसॉर!

जुन्या इमारती खरवडून ‘नव्यासारख्या’ करण्याची त्या काळची हौस मॉरिसला असह्य होई. त्याविरुद्ध त्याने १८७७ साली संस्थाच काढली. पण जुने छप्पर जपायचे तर तशाच पाट्या हव्यात, आणि स्टोन्सफील्डच्या खाणी तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडल्या. त्यामुळे त्या भागात दुरुस्तीसाठी बऱ्याचदा पाडलेल्या घरांच्या, गोठ्यांच्या पाट्या शोधाव्या लागतात.