जुना संगणक : सुधारावा की नवा जुळवावा?

पांढुर्णा आणि सौंसरच्या बऱ्याच दवाखान्यांत संगणक आला तो नागपूरहून, आणि तोही सुटे भाग घेऊन जुळविलेला. मदरबोर्ड एका कंपनीचा, कॅबिनेट दुसऱ्याचे, मॉनिटर तिसऱ्याचा. अशी यंत्रे दहा-बारा वर्षे निमूटपणे राबली आणि आता थकली आहेत. पहिला रुग्ण आत येऊन बसला तरी पडदा उजळत नाही. मग कोणीतरी सांगतो, ‘डॉक्टरसाहेब, आता नवाच घ्या.’ हा सल्ला कधी योग्य असतो; पुष्कळदा मात्र तो नाडीही न पाहता लिहिलेल्या औषधासारखा असतो.

बालरोगतज्ज्ञापुरते बोलायचे तर हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. लसींच्या तारखा, वजन-उंचीचे आलेख, कोणत्या बाळाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे सारे त्या पेटीत असते. २०२३ पर्यंत आपले तालुके ज्या छिंदवाडा जिल्ह्यात होते, त्यातील परासिया परिसरात सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये डायएथिलीन ग्लायकॉलयुक्त कफ सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन बालके दगावली. त्या दिवसांत पालकांचे दूरध्वनी थांबत नव्हते. ‘साहेब, आमच्या बाळाला मागच्या महिन्यात कोणतं औषध दिलं होतं?’ चिठ्ठी हरवलेली, बाटली फेकून दिलेली. उत्तर होते ते संगणकातील नोंदीत. वैद्यकीय नोंदी त्वरित सापडाव्यात यासाठी त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत म्हटले आहे. त्या कोरड्या वाक्याचे मोल त्या पंधरवड्यात कळले. तेव्हा यंत्र जुने ठेवा वा नवे घ्या, नोंदी सुरक्षित राहणे आणि हाक मारताच समोर येणे, हीच खरी कसोटी.

आता निदानाकडे वळू. यंत्र मंद झाले म्हणजे त्याचा मेंदू, अर्थात प्रोसेसर, म्हातारा झाला अशी सार्वत्रिक समजूत आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात बहुधा प्रोसेसर आरामात बसलेला दिसतो आणि डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर टेकलेला असतो. जुन्या हार्डडिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात. एखादी नोंद शोधायला वाचक-शीर्ष तबकडीवर इकडून तिकडे सरकते आणि त्यात दहा-पंधरा सहस्रांश सेकंद जातात. संगणक सुरू होताना अशा हजारो धावा होतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने हेच काम सुमारे शंभरपट लवकर होते. त्यात रॅम जेमतेम ४ जीबी असेल तर ती भरली की संगणक उरलेला पसारा डिस्कवरच मांडतो आणि दुखणे दुप्पट होते.

माझ्या तपासणी-कक्षातील यंत्र २०१२ चे, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर असलेले. त्याला एसएसडी बसविली, रॅम ४ ची ८ जीबी केली, आणि त्याने पुढे कित्येक वर्षे तक्रार केली नाही. खर्च नव्या संगणकाच्या किमतीचा लहानसा अंश. जुने यंत्र सुधारण्याचे इतके स्वस्त आणि गुणकारी साधन दुसरे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहूनही क्षुल्लक कारणे असतात. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ या नावाची. ती संपली की प्लग काढताच संगणक तारीख विसरतो आणि पुन्हा सुरू करताच कित्येक वर्षे मागे जातो. मग बाळाचे वय चुकते, लसीची पुढची तारीख चुकते आणि अनेक संकेतस्थळेही उघडेनाशी होतात. ही बॅटरी बदलायला एवढासा खर्च येतो. जाता जाता बालरोगतज्ज्ञ म्हणून सांगतो, काढलेली बॅटरी टेबलावर ठेवू नये. बाळाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते.

तथापि सुधारणेला मर्यादा आहे, आणि ती मदरबोर्ड ठरवितो. सौंसरच्या वाचकांना हे सांगायला फार नको. छिंदवाडा-नागपूर नॅरोगेजचे डबे कितीही रंगविले असते तरी ते ब्रॉडगेजवर धावले नसते. रॅमचेही असेच आहे. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांच्या खाचा निरनिराळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. प्रोसेसरचे सॉकेटही पिढ्यांगणिक बदलत गेले. एकदा प्रोसेसर बदलायचे ठरले की त्यामागून मदरबोर्ड येतो, मदरबोर्डामागून रॅम येते, आणि मग ती सुधारणा न राहता नवी जुळणीच होते.

दुसरी मर्यादा बाहेरून आली. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा घेणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ ही मुदत ठरली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक यंत्रे धडधाकट असूनही अपात्र ठरतात. ही अट चुकविण्याच्या युक्त्या पुष्कळ आहेत. घरच्या यंत्रावर कोणी हौसेने करीत असेल तर करो; रुग्णांच्या नोंदी असलेल्या आणि इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर मी तसे करणार नाही. माझा निर्णय इथेच झाला. तपासणी-कक्षासाठी नवी जुळणी केली.

नवे म्हणजे सगळेच नवे नव्हे. मॉनिटर, कीबोर्ड आणि कॅबिनेट जुनेच चालले. मॉनिटरला फक्त नव्या बोर्डाशी जुळणारी वायर लागली. एसएमपीएस मात्र जुना ठेवला नाही. आपल्याकडच्या विजेचे चढउतार सोसून त्यातील कपॅसिटर फुगतात, आणि बिघडताना तो नव्या बोर्डालाही सोबत नेऊ शकतो. नामांकित कंपनीचा तयार संगणक असेल तर त्याचे बोर्ड आणि एसएमपीएस अनेकदा खास मापाचे असतात. तिथे ही अदलाबदल जमेलच असे नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून आलेल्या मागणीमुळे रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. त्यामुळे नव्या जुळणीचा हिशेब पूर्वीसारखा सोपा राहिला नाही. दुकानदाराने कागदावर लिहून दिलेला दर त्याच आठवड्यात पुन्हा विचारून घ्यावा.

सर्वांत मोठे काम नोंदी हलविण्याचे. पेच हाती घेण्यापूर्वी संपूर्ण डेटाबेसच्या दोन प्रती, त्यांपैकी एक दवाखान्याबाहेर, आणि त्यातली एक दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिलेली असावी. हार्डडिस्क जाण्याआधी पुष्कळदा टकटक आवाज करते. एसएसडी कित्येकदा पूर्वसूचना न देता जाते.

मराठी मजकुराची अडचण निराळीच. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आले. त्याचे कार्ड खाचेत बसविले की साध्या संगणकावर देवनागरी उमटे. एका कार्डाने यंत्राची भाषा बदलावी, याहून सुंदर सुधारणा मला ठाऊक नाही. त्यानंतरच्या काळात निरनिराळे फॉन्ट आले आणि प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी. त्या फॉन्टांत लिहिलेली आहाराची पत्रके, पालकांसाठीच्या सूचना, इतकेच काय स्मरणिकांचे जुने लेखही, नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसेल तर अगम्य रोमन अक्षरे होऊन बसतात. जुने यंत्र चालू आहे तोवरच हा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

माझे २०१२ चे यंत्र भंगारात गेले नाही. त्यावर लिनक्स घातले आहे आणि ते बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर आहे. देवनागरी छान दिसते, टोकन छापले जाते. रुग्णनोंदींचे माझे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालते, म्हणून ते काम त्याच्याकडे नाही. त्यातली मूळ हार्डडिस्क काढून कपाटात कुलूपबंद ठेवली आहे. फाइल नुसती पुसली तरी ती परत मिळविता येते, आणि तीत शेकडो बाळांची माहिती आहे. नव्या यंत्रावर सगळ्या नोंदी उघडतात याची वर्षभर खात्री करून घेईन, मग त्या तबकड्या भोके पाडून निकामी करीन आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे देईन.